बाराव्या आठवड्याचे रक्त

वाशीच्या खाडीपासून पनवेलपर्यंत ज्या नगराची आखणी सिडकोने १९७० नंतर सेक्टरांच्या हिशेबाने केली, त्या नवी मुंबईत आज एखाद्या मध्यमवर्गीय घरातील सुनेला दिवस गेले म्हणजे तिच्या गरोदरपणाचे दप्तर तिसरा महिना सरता सरताच तयार होऊ लागते: अकरावा आठवडा संपल्यापासून चौदावा पुरा होईपर्यंतच्या मुदतीत ती एकदा सोनोग्राफीला जाते, त्याच सुमारास तिचे रक्त काढले जाते, आणि 'डबल मार्कर' या नावाने सर्वतोमुखी झालेल्या त्या तपासणीचा अहवाल, डॉक्टरांच्या नजरेखालून जाण्यापूर्वीच, तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर येऊन पडतो. घरातली माणसे त्या अहवालात एकच ओळ शोधतात. बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रदोष असण्याचा संभव अधिक की उणा, एवढेच त्या ओळीत सांगितलेले असते. संभव उणा निघाला की कागद फायलीत जातो आणि घर निश्चिंत होते. परंतु त्याच कागदावर, त्या ओळीच्या थोडे वर, रक्तातील दोन द्रव्यांचे आकडे छापलेले असतात आणि त्यांपैकी एक आकडा कधी कधी गुणसूत्रांशी संबंध नसलेली, पुढच्या सहा महिन्यांविषयीची काही गोष्ट सांगत असतो. जो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता त्याचे हे उत्तर वाचावयाचे की सोडून द्यावयाचे, याविषयी माझ्या थोरल्या बहिणीच्या नेरुळच्या घरी जो वाद झाला, तो विषयाच्या महत्त्वामुळे आणि वाद करणाऱ्या दोघींच्या अधिकारामुळे सविस्तर लिहून काढावा असे मला वाटले.

ताईने आपली सारी नोकरी प्रसूतिगृहांत काढली. परिचारिका म्हणून ती लागली आणि मेट्रन होऊन निवृत्त झाली; किती पहिलटकरणींचे हात तिने कळांच्या वेळी हातात धरले असतील याची मोजदाद तिच्याजवळ नाही आणि तिला ती करावीशीही वाटत नाही. तिची सून पॅथॉलॉजीची एम. डी. असून वाशीच्या एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. दोघींचा परस्परांवर लोभ आहे, आणि त्या लोभाच्या बळावरच त्या एकमेकींचे म्हणणे तपासल्यावाचून सोडीत नाहीत. वादाला निमित्त झाली शेजारच्या विंगेतली एक मुलगी. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून ती ताईचा सल्ला घ्यावयास आली होती आणि जाता जाता तिने मोबाईलवरचा अहवाल दाखविला. गुणसूत्रदोषाचा संभव उणा, असा निकाल खाली स्पष्ट होता. पण सूनबाईची नजर वरच्या आकड्यावर थबकली. पॅप-ए, ०.३२.

मुलगी गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, त्या मुलीला कोणीच काही सांगितलेले नाही. निकाल चांगला आला एवढेच तिला ठाऊक आहे. तो निकाल खराही आहे, पण तो डाऊनपुरता. तिची वार नीट रुजते आहे की नाही, याविषयीचा इशारा त्याच कागदावर आहे आणि तो कोणी वाचलेला नाही."

"इशारा म्हणजे काय ते आधी मला समजेल असे सांग," ताई म्हणाली. "०.३२ म्हणजे कशाचे ०.३२?"

सूनबाईने जे सांगितले ते थोडक्यात असे. पॅप-ए हे प्रथिन वारेत तयार होऊन आईच्या रक्तात उतरते. १९७४ साली ते गरोदर स्त्रियांच्या रक्तात प्रथम ओळखले गेले, तेव्हा त्याचे कार्य काय याचा कोणालाही पत्ता नव्हता. ते कार्य कळावयास १९९९ साल उजाडावे लागले. गर्भाच्या आणि वारेच्या वाढीला चालना देणारे आय.जी.एफ. नामक एक द्रव्य शरीरात दुसऱ्या एका प्रथिनाने बांधून ठेवलेले असते. ते बंधन तोडून त्याला मोकळे करणे हे पॅप-एचे काम. हे प्रथिन कमी म्हणजे मोकळे झालेले वाढद्रव्य कमी, आणि म्हणून वार दुबळी राहण्याचा संभव अधिक. आता गरोदरपणाच्या आरंभी रक्तातील त्याचे प्रमाण दिवसागणिक चढत असल्यामुळे नुसता आकडा निरुपयोगी ठरतो. म्हणून सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून, ती ४५ ते ८४ मिलिमीटरांच्या दरम्यान असताना, तेवढ्याच दिवसांच्या इतर गर्भवतींच्या मध्यकाशी त्याची तुलना करतात आणि त्या मध्यकाला एक मानतात. ०.३२ म्हणजे त्या मध्यकाच्या एक तृतीयांशाहूनही थोडे कमी. इंग्लंडातील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ साली ०.४१५ च्या खालचा आकडा हे बाळाची वाढ खुंटण्याचे एक प्रमुख धोकालक्षण म्हणून नोंदविले. अमेरिकेतील 'फास्टर' या विख्यात पाहणीतूनही २००४ साली तेच दिसून आले होते की, ज्यांचे पॅप-ए सर्वांत खालच्या पाच टक्क्यांत होते त्यांच्यात बाळाची वाढ अपुरी राहणे, दिवस भरण्याआधी बाळंत होणे, प्रीएक्लॅम्पसिया (म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढून पुढे झटक्यांपर्यंत जाऊ शकणारा विकार) होणे आणि क्वचित बाळ पोटातच दगावणे, हे सारे इतरांहून अधिक आढळले.

ताईने हे सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि मग जो प्रश्न विचारला त्याने मी तरी चकित झालो. "सर्वांत खालच्या पाच टक्क्यांत, असे तू म्हणालीस. म्हणजे रेघच अशी ओढली आहे की शंभर बायकांतल्या पाच तिच्या खाली यायच्याच. त्या पाचांपैकी किती जणींना पुढे खरोखर काही होते?"

"बहुतेकींना काही होत नाही," सूनबाईने प्रांजळपणे सांगितले. "समजा, बाळ बारीक राहण्याचा धोका एरव्ही शंभरात पाच असेल आणि या आकड्याने तो दुपटीने वाढत असेल, तर तो शंभरात दहा झाला. नव्वद जणींची बाळे सुखरूप आणि चांगल्या वजनाची होतील."

"आणि त्या नव्वद जणी सहा महिने झोपणार नाहीत."

या एका वाक्यात ताईच्या बाजूचे सारे सार होते आणि ते तिने पुढे विस्ताराने मांडले. ती म्हणाली, "मी नोकरीला लागले तेव्हा गरोदर बाईच्या पोटावर कुठलेही यंत्र ठेवले की घरच्यांचा पहिला प्रश्न मुलगा की मुलगी हाच असे. त्यापायी काय काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १९८८ साली महाराष्ट्राने साऱ्या देशाच्या आधी त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली तो देशाचा झाला, आणि तरीही गरोदरपणातली तपासणी म्हणजे बाळ ठेवावयाचे की नाही याचा निवाडा, ही समजूत लोकांच्या मनातून गेलेली नाही. त्या समजुतीत तू आता आणखी एक आकडा टाकते आहेस, ज्याचा निवाड्याशी काही संबंध नाही आणि ज्याने काही सिद्धही होत नाही. ही मुलगी घरी जाऊन काय सांगेल? बाळात काहीतरी खोट आहे असे सांगेल. सासू काय म्हणेल? हिच्यातच काहीतरी कमी आहे असे म्हणेल. पॅप-ए कमी हे तीन शब्द घरातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेतो त्यांचे काय होते ते तुझ्या प्रयोगशाळेला कसे कळावे?"

या आक्षेपाला सूनबाईजवळ तयार उत्तर नव्हते, आणि तसे ते नव्हते हे तिने कबूल केले. पण तिने प्रश्नाची दिशा बदलली. "आई, तुम्ही झटके आलेल्या बायका पाहिल्या आहेत. मी पुस्तकात वाचले, तुम्ही पाहिले. ज्या बाईला झटके आले तिचा विकार त्या दिवशी सुरू झाला होता का?"

ताई काही वेळ बोलली नाही. मग तिने सांगितले ते तिच्या तरुणपणाचे: अंधारी केलेली खोली, दाराशी आवाज करू नये म्हणून दिलेली ताकीद, दातांमध्ये जीभ सापडू नये म्हणून जपणारी आया, आणि नातलगांच्या तोंडचा तोच तो उद्गार की सकाळपर्यंत तर पोर चांगली होती, नुसते डोके दुखते म्हणत होती. मॅग्नेशियम सल्फेटने पुढे हा देखावा पुष्कळ विरळ केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅग्पाय' या बहुदेशीय प्रयोगाने त्या औषधाने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली येते हे निर्विवाद ठरविले. "पण तू विचारलेस ते खरे आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी काहीच सुरू होत नाही. त्या दिवशी ते फक्त दिसते."

"तेच मी म्हणते आहे," सूनबाई म्हणाली. "रक्तदाब १४०/९० च्या वर जातो विसाव्या आठवड्यानंतर, लघवीतून प्रथिन जाऊ लागते त्यासुमारास किंवा नंतर, पण वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तिथल्या नागमोडी रोहिण्या रुंद करतात ते काम बहुतांशी पहिल्या सोळा-अठरा आठवड्यांत उरकलेले असते. भाताचे रोप लावणीच्या आठवड्यात चिखलात धरले नाही, तर ते पुढे पिवळे पडल्यावर घातलेल्या खताला फारसा अर्थ राहत नाही. रोहिण्या अरुंद राहिल्या म्हणजे वार उपाशी राहते, आणि ती उपाशी वार आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडू लागते की ज्यांनी आईच्याच रक्तवाहिन्या आखडतात. भारतीय वंशाचे डॉक्टर अनंत करुमंची आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली त्यांतले एक द्रव्य दाखवून दिले. वारेच्या वाढीला लागणारा पी.एल.जी.एफ. हा घटक ते द्रव्य रक्तातच गिळून टाकते. आणि पी.एल.जी.एफ.चे प्रमाण बाराव्या आठवड्यातच उतरलेले आढळू शकते, बी.पी. चढण्याच्या कित्येक महिने आधी. तुम्ही ज्या यंत्राने आयुष्यभर बी.पी. मोजला ते यंत्र निकाल वाचणारे होते. हा थेंब कैफियत वाचतो."

मला येथे नमूद केले पाहिजे की, सूनबाईचे हे बोलणे मला पटत चालले होते, कारण त्यात नुसता आकडा नव्हता, इलाज होता; आणि इलाजाची मुदत ठरलेली असल्यामुळे आकड्याला अर्थ आला होता. तो इलाज म्हणजे ॲस्पिरिन, जी आपल्या घराघरांत डोकेदुखीची गोळी म्हणून परिचित होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्प्रे' या प्रयोगात आरंभीच्या तपासणीत धोका अधिक ठरलेल्या १,७७६ स्त्रियांपैकी अर्ध्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी, अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत सुरू करून छत्तिसाव्यापर्यंत देण्यात आली. सदतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करावे लागेल इतका तीव्र प्रीएक्लॅम्पसिया निरुपद्रवी गोळीच्या गटात ४.३ टक्के स्त्रियांना झाला. ॲस्पिरिनच्या गटात तो १.६ टक्क्यांवर आला. जगातील प्रसूतितज्ज्ञांच्या 'फिगो' या महासंघाने २०१९ साली सर्व गर्भवतींची पहिल्या तिमाहीतच अशी तपासणी व्हावी अशी शिफारस केली ती याच पुराव्याच्या बळावर. सोळावा आठवडा उलटल्यावर सुरू केलेल्या गोळीचा तेवढा गुण येत नाही. म्हणजे ज्या घरात पाचव्या महिन्यात 'आता नाव घालू' असा बेत ठरतो, त्या घरापुरता हा इलाज दार लावून निघून गेलेला असतो.

"हा प्रयोग कुठे झाला?" ताईने विचारले.

"तेरा रुग्णालयांत. इंग्लंड, स्पेन, इटली, बेल्जियम, ग्रीस, इस्रायल."

"म्हणजे आपल्याकडचे एकही नाही. आणि त्यात एकट्या पॅप-एवरून गोळी दिली होती?"

"नाही," सूनबाई म्हणाली, आणि हा प्रामाणिकपणा त्या वादातील मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. "त्यात आईचे वय, वजन, पूर्वीची बाळंतपणे, दोन्ही दंडांचा रक्तदाब, गर्भाशयाच्या रोहिणीचा डॉप्लर, म्हणजे तिच्यातील रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, पॅप-ए आणि पी.एल.जी.एफ. या सर्वांचा एकत्र हिशेब केला होता. एकट्या पॅप-एच्या जोरावर सगळ्यांना गोळी द्या असे मी म्हणणार नाही. आणि दिवस पूर्ण भरल्यावर होणारा प्रीएक्लॅम्पसिया त्या गोळीने लक्षणीय कमी झाला असेही दिसले नाही. मी एवढेच म्हणते की, या मुलीचा बी.पी. नीट मोजावा, डॉप्लर पाहावा, तिच्या डॉक्टरांनी गोळीचा विचार सोळाव्या आठवड्याच्या आत करावा, आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी अठ्ठाविसाव्या, बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्यांना व्हावी."

यावर ताईने जो मुद्दा काढला त्याकडे, माझ्या समजुतीप्रमाणे, या विषयावर लिहिणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. "अगं, ती पहिलटकरीण आहे," ताई म्हणाली. "सातव्या महिन्यात चोळी होईल, ओटी भरतील, आणि ती कऱ्हाडला माहेरी जाईल. तुझा अठ्ठाविसावा आठवडा तिच्या प्रवासाचा आठवडा आहे. बत्तिसावा आणि छत्तिसावा कऱ्हाडच्या डॉक्टरांपुढे उगवणार, ज्यांनी तिला आयुष्यात प्रथम पाहिले आहे आणि ज्यांच्या हाती ती एक जाड फाईल ठेवणार. त्या फाईलीतला डबल मार्करचा कागद ते उघडतील, खाली निकाल चांगला आहे हे वाचतील आणि पान उलटतील. तुझा ०.३२ नेरुळलाच राहिला."

सूनबाई निरुत्तर झाली. माहेरी बाळंतपणाला जाण्याची आपली चाल प्रेमाची आहे, तिच्यात पहिल्या खेपेस मुलीला आईचा हात मिळतो, आणि ती मोडावी असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण तिच्यामुळे गरोदरपणाची जबाबदारी नेमक्या धोक्याच्या तिमाहीत एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे जाते, आणि आरंभीच्या रक्ततपासणीचा सारा उपयोग ज्या सातत्यावर उभा आहे ते सातत्यच तुटते. इंग्लंडात घडलेल्या प्रयोगांत हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून तेथील पुस्तकांत त्याचे उत्तरही सापडणार नाही.

ताई मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तिच्या मनातली खरी तक्रार अजून बाहेर यावयाची होती. "आणि ही मुलगी तरी तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांकडे गेली. तुर्भ्याच्या खदाणींच्या बाजूला, दिघ्याच्या वस्तीत जी बाई दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करते ती कधी येते? पोट दिसू लागल्यावर येते. तिच्या रक्तात पॅप-ए किती हे मला जाणून घ्यावयाचे नाही. तिच्या रक्तात रक्तच किती हे मला आधी पाहावे लागते. देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती पांडुरोगी आहेत हे सरकारच्याच पाहणीत लिहिले आहे." हा आकडा तिने बरोबर सांगितला होता; २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो ५२.२ टक्के आहे. "महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे २००४ ते २००६ या काळात १३० आया दगावत होत्या, २०१८ ते २०२० मध्ये ३३ दगावल्या. हे कुठल्या मार्करने झाले? नाव नोंदविणे, बी.पी., लघवी, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यातले बाळंतपण आणि वेळेवर मिळालेली गाडी, यांनी झाले. त्या वस्तीतल्या बाईसाठी द्यावयाचे पैसे आणि माणसे तू ज्यांना सारे काही मिळतेच आहे त्यांच्या दुसऱ्या तपासणीवर खर्च करणार असशील, तर माझी त्याला हरकत आहे."

"आई, तुमचा तो आकडा आयांचा आहे," सूनबाई म्हणाली. "वाचलेल्या आईचे तिसाव्या आठवड्यातले, एक किलोचे बाळ काचेच्या पेटीत महिनाभर राहिले, किंवा पोटातच गेले, तर ते त्या आकड्यात कुठेच येत नाही. आया वाचविण्याचे काम तुमच्या पिढीने केले. बाळांचे बाकी आहे."

मला वाटते, या वाक्याने ताई हलली. तिने लगेच मान्य केले नाही, कारण लगेच मान्य करणे तिच्या स्वभावात नाही. पण तिने आपल्या बोलण्याचा ओघ बाळांच्या वजनाकडे वळविला, आणि तेथे मीही थोडा भाग घेतला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींची जी पाहणी आरंभिली, तिच्यात जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले होते, हे मी सांगितले. ताईला ते नवे नव्हते. "मग?" ती म्हणाली. "आपल्या आयाच लहानखुऱ्या. साहेबाच्या देशातला तक्ता लावला की आपली निम्मी बाळे बारीक ठरतात आणि बिचाऱ्या बाया विनाकारण सिझरच्या टेबलावर जातात. त्यात हा मार्कर भर घालील."

"उलट आहे, आई," सूनबाई उत्साहाने म्हणाली. "बाळ आईसारखे लहानखुरे आहे की वार उपाशी ठेवते म्हणून लहान आहे, हे नुसत्या वजनावरून ओळखता येत नाही हीच तर अडचण आहे. बाराव्या आठवड्याचा पॅप-ए चांगला, डॉप्लर चांगला, आणि तरी बाळ लहान, तर ते बहुधा घराण्याचे लहान आहे. त्याला वाढू द्यावे. पॅप-ए उतरलेला, डॉप्लर बिघडलेला आणि बाळ लहान, तर ते पोटात उपाशी आहे. तुमच्या लहानखुऱ्या आयांच्या देशातच हा फरक करावयाची गरज अधिक आहे."

यावर ताईने मान डोलावली. तिच्या बाजूचे शस्त्र सूनबाईने उचलून तिच्याच विरुद्ध चालविले होते आणि ते योग्य रीतीने चालविले होते. परंतु ताईजवळ अजून एक प्रश्न शिल्लक होता. "रक्त पाठविताना जो फॉर्म भरतात त्यात काय काय विचारतात?"

"वय, वजन, मधुमेह, पूर्वीची बाळंतपणे, गर्भधारणा औषधोपचाराने झाली का, धूम्रपान..."

"धूम्रपान," ताई म्हणाली. "आणि मशेरी?"

त्या फॉर्मवर मशेरीचे खाते नव्हते. सिगारेट न ओढणारी, पण पहाटे उठून तव्यावर भाजलेली तंबाखूची पूड दातांना लावणारी, आणि ती लावल्यावाचून जिला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही अशी बाई, त्या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण करते आणि ती खूण खोटी नसते. नवी मुंबईत काम करणाऱ्या हीलिस सेखसरिया संस्थेचे डॉ. प्रकाश गुप्ता यांनी आपल्या सहकारी संशोधिकेसह मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ साली दाखवून दिले की, मशेरीसारखी धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मतात आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही त्यांच्यात अधिक होतात. हा शोध येथला आहे, आपल्या बायकांवरचा आहे, आणि त्यासाठी रक्ताचा थेंबही लागत नाही. एक प्रश्न, तोही न लाजविता विचारलेला, पुरतो. सिगारेटचा परिणाम गणितात वजा करणारा फॉर्म मशेरीविषयी मौन बाळगतो, कारण तो ज्या देशांत घडला तेथे मशेरी नव्हती. ताईचा हा मुद्दा मला निर्णायक वाटला. तो मार्करच्या विरुद्ध जातो म्हणून नव्हे, तर मार्कर आपल्याकडे आणावयाचा असेल तर त्याच्याबरोबर आणखी काय आणले पाहिजे ते तो सांगतो म्हणून.

यानंतरचे बोलणे वादाहून तजविजीचे अधिक झाले. सूनबाईने सुचविले ते असे: प्रत्येक गर्भवतीची नोंद बाराव्या आठवड्याच्या आत व्हावी यासाठी आधी झटावे, आणि त्या पहिल्याच भेटीत पूर्वेतिहास, मशेरी आणि रक्तदाब ही तीन कामे सर्वांसाठी व्हावीत. रक्तदाब घाईघाईने एकाच दंडावर मोजण्याचा शिरस्ता मोडून, बाईला पाच मिनिटे शांत बसवून, दोन्ही दंडांवर दोनदा घ्यावा, कारण नीट घेतलेल्या त्या सरासरीत धोका ओळखण्याची पुष्कळ शक्ती असते. ज्यांचा हिशेब यावरूनच संशयास्पद दिसेल त्यांचे पॅप-ए, पी.एल.जी.एफ. आणि डॉप्लर सरकारी खर्चाने करावे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होतेच. त्या दिवसाचा यासाठी उपयोग व्हावा. आणि ज्यांनी आपल्या पैशाने डबल मार्कर केलेलाच आहे, त्यांच्या अहवालात पॅप-ए ०.४ च्या खाली असेल तर त्याविषयीचे एक स्वतंत्र वाक्य, मराठीत, निकालाच्या ओळीखालीच छापले जावे, म्हणजे गुणसूत्रांचा निकाल चांगला आला म्हणून ते दडून राहणार नाही.

"ते वाक्य काय असावे?" मी विचारले.

ताईने सांगितले आणि सूनबाईने लिहून घेतले. बाळात दोष आहे असा याचा अर्थ नाही. वारेकडे लक्ष ठेवावयाचे आहे. सोळाव्या आठवड्याच्या आत डॉक्टरांना भेटा. माहेरी गेलात तरी अठ्ठाविसाव्या, बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. डोके दुखले, डोळ्यांपुढे चमकले, तोंडावर सूज आली किंवा बाळाची हालचाल मंदावली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. हेच माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहावे, असा तिने आग्रह धरला, कारण फाईल घरी राहते पण कार्ड माहेरी जाते.

एका गोष्टीवर मात्र दोघींचे एकमत झाले नाही. आकडा उणा आला तर त्या मुलीला फोन कोणी करावयाचा, आणि ती माहेरी गेल्यावर बत्तिसाव्या आठवड्यात तिची सोनोग्राफी झाली की नाही हे कोणी विचारावयाचे? ज्या प्रसूतितज्ज्ञाने तपासणी लिहून दिली त्याचीच ती जबाबदारी, असे सूनबाईचे म्हणणे; कारण अर्थ लावण्याचा अधिकार त्याचा आहे आणि गोळीही तोच देणार. ताईचे म्हणणे की, डॉक्टर बदलतो, दवाखाना बदलतो, गाव बदलते. ज्या आशाताईने, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविकेने, नाव नोंदविले तिच्या वहीत ते नाव बाळंतपण होईपर्यंत असते, आणि कऱ्हाडच्या आशाताईला फोन करून 'आमची मुलगी तुमच्याकडे आली आहे, तिच्याकडे बघा' असे ती हक्काने सांगू शकते. मी या बाबतीत ताईच्या बाजूचा आहे, मात्र एका अटीवर: त्या आशाताईला या फोनाचे आणि या पाठपुराव्याचे स्वतंत्र मानधन मिळाले पाहिजे, आणि हा आकडा म्हणजे काय हे तिला कोणीतरी सूनबाईने सांगितले तितक्या सविस्तरपणे आणि ताईला समजले तितक्या स्पष्टपणे शिकविले पाहिजे. शेजारच्या विंगेतल्या मुलीपुरता प्रश्न सूनबाईने दुसऱ्या दिवशी सकाळी सोडविला. ती स्वतः तिच्याकडे गेली, तिला बसवून सारे समजावून सांगितले, आणि तिच्या डॉक्टरांना द्यावयाची चिठ्ठी लिहून दिली. तेव्हा तिचा तेरावा आठवडा चालू होता.